एमसीटीचा संच: स्लाइड फुकट मिळतात, गट चालवणं शिकावं लागतं

सायकोसिसमधून, म्हणजे भास-भ्रमांमुळे वास्तवाशी नातं तुटण्याच्या आजारातून, सावरणाऱ्या माणसांसोबत काम करायला नवे थेरपिस्ट तयार करायचे असतील, तर सुरुवात मेटाकॉग्निटिव्ह ट्रेनिंगच्या, म्हणजे एमसीटीच्या संचापासून करावी. मेटाकॉग्निशन म्हणजे स्वतःच्या विचारांकडे विचारपूर्वक पाहणं. जर्मनीतल्या हाम्बुर्ग विद्यापीठाच्या रुग्णालयात स्टेफेन मोरिट्झ यांनी कॅनडातल्या टॉड वुडवर्ड यांच्यासह तो तयार केला. मूळ संचात ८ मॉड्यूल आहेत. प्रत्येकाच्या अ आणि ब अशा दोन आवृत्त्या: विषय तेच, उदाहरणं वेगळी. सोबत मार्गदर्शक पुस्तिका, घरी करायचे कागद आणि दोन कार्डं, एक पिवळं, एक लाल. हे सगळं पीडीएफमध्ये, मोफत आणि तीसहून अधिक भाषांत मिळतं. इतकं व्यवस्थित बांधलेलं साहित्य या क्षेत्रात क्वचितच फुकट हाती येतं.

भ्रमाशी थेट भांडायचं नाही, हे यामागचं तत्त्व. "शेजारी माझ्यावर पाळत ठेवतो" हा विचार चूक की बरोबर, यावर गटात वाद नाही. असा विचार ज्या सवयींवर पोसला जातो, त्या खेळांतून उघड्या करायच्या: तोकड्या पुराव्यावर निष्कर्ष, दोषाचं खापर एकाच ठिकाणी फोडणं, चुकीच्या उत्तराबद्दलही ठाम खात्री.

दुसरं मॉड्यूल सगळ्यात जमलेलं. पडद्यावर एकेक तुकडा जोडत चित्र उलगडत जातं. चार रेषा दिसल्या की कुणी म्हणतं "मासा", कुणी "बदक". नवखा थेरपिस्ट इथे हमखास घसरतो: लगेच पुढची स्लाइड दाबतो, खरं उत्तर येतं, सगळे हसतात आणि मॉड्यूल वाया जातं. कारण मुद्दा उत्तराचा नाही, उत्तराआधीच्या खात्रीचा आहे. स्लाइड पुढे नेण्यापूर्वी प्रत्येकाला विचारायलाच हवं: "शंभरात किती खात्री?" आकडे फळ्यावर लिहावेत, मगच पुढचा तुकडा दाखवावा. चुकीच्या उत्तरावर ९५ लिहिलेलं स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, तेव्हा वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. वयस्क मंडळींना टक्क्यांपेक्षा आणे जवळचे वाटतात. "सोळा आण्यांपैकी किती?" विचारलं की कोपऱ्यात गप्प बसलेलेही बोलू लागतात.

तिसऱ्या मॉड्यूलमध्ये गोष्टीची चित्रं उलट क्रमाने येतात आणि प्रत्येक चित्रानंतर चार शक्यतांना पुन्हा गुण द्यायचे असतात. मत बदललं तर ते हरणं नव्हे, हे थेरपिस्टच्या आवाजात ऐकू आलं पाहिजे. पाचवं स्मरणशक्तीचं. समुद्रकिनाऱ्याच्या देखाव्यात नसलेल्या, पण तिथे हमखास असतील अशा वस्तू अनेकांना "आठवतात". इथे थेरपिस्टने स्वतःही चुकून दाखवावं. सहावं इतरांच्या मनाचा अंदाज घेण्याचं. त्यातल्या काही प्रसंगांना एकच बरोबर उत्तर नाही. शिक्षकी बाणा असलेल्यांना तेच सोसत नाही आणि ते एक उत्तर लादून मोकळे होतात.

गटात ३ ते १० जण, सत्र ४५ ते ६० मिनिटांचं, शक्यतो आठवड्यातून दोनदा. म्हणजे ४ आठवड्यांत एक चक्र पूर्ण. मधूनही कुणी येऊ शकतं. सगळ्या स्लाइड संपवायची सक्ती नाही. उलट जेवढ्या होतील तेवढ्या निवांत घ्याव्यात आणि शेवटच्या सायकोसिसशी दुवा जोडणाऱ्या स्लाइडसाठी दहा मिनिटं राखून ठेवावीत. ती गाळली की उरतो नुसता कोडी सोडवण्याचा तास. फार अस्वस्थ किंवा बोलण्यात सलगपणा न राहिलेल्या व्यक्तीला मात्र गटात घाई करून बसवू नये.

पुरावा बरा आहे, पण चमत्कार नव्हे. २०२२ मध्ये 'जामा सायकिएट्री' या संशोधनपत्रिकेत आलेल्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, चाळिसेक अभ्यास होते. भ्रमांवर परिणाम दिसला आणि वर्षभरापर्यंत टिकलाही. औषधांना पर्याय म्हणून कुणी हे विकत असेल, तर ते साफ खोटं.

स्वतःची ओळखच विस्कटलेल्या माणसाला मात्र हा संच कमी पडतो. तिथे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल लायसाकर यांची मेरिट ही उपचारपद्धत कामाची. ती एकास एक चालते, त्यात स्लाइड नाहीत, आठ घटक आहेत. पहिला घटक: आज या माणसाला काय हवंय? रुग्णाच्या बोलण्यातली मेटाकॉग्निशन मोजायला २८ गुणांची मोजपट्टी आहे. एखाद्या कार्यशाळेने मेरिट येत नाही. तिला दीर्घ सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टची देखरेख, लागतं. एमसीटीसाठी मात्र पुस्तिका वाचून पहिलं चक्र सहथेरपिस्ट म्हणून आणि दुसरं निरीक्षकाच्या नजरेखाली घ्यावं, एवढं पुरतं.

मराठीत वापरताना नुसतं भाषांतर करून भागत नाही. चित्रं आणि प्रसंग युरोपीय वळणाचे आहेत. प्रसंग बदलावेत, खेळाचं तर्कशास्त्र तसंच ठेवावं. कारणांविषयीच्या पहिल्या मॉड्यूलला "कावळा बसायला आणि फांदी मोडायला" ही म्हण चपखल बसते. "सुतावरून स्वर्ग" मात्र जपून वापरावं. घरच्यांनी टोमण्यात वापरलेली म्हण गटात पुन्हा ऐकू आली की माणूस मिटतो. मजकुराने भरलेल्या स्लाइड मोठ्याने वाचाव्यात, कारण सगळ्यांचं वाचन सफाईदार असेलच असं नाही.

कार्डं एटीएम कार्डाच्या मापात जाड कागदावर छापावीत, म्हणजे खिशात मावतात. पिवळ्यावर तीन प्रश्न: पुरावा काय? दुसरा अर्थ निघू शकतो का? खरंच तसं असलं, तरी मी जास्तच प्रतिक्रिया देतोय का? लालवर अडचणीत फोन करायची माणसं. तिथे घरचे दोन नंबर आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लिहावा. लॅमिनेशन त्यानंतर, कारण आधी केलं तर त्यावर पेन उमटत नाही आणि लाल कार्ड कोरंच राहतं.