भेट दिलेले क्लास: श्रावण ते होळीचा अनुभव

गेल्या श्रावणात दादाला उकडीच्या मोदकांचा क्लास भेट दिला आणि आईला चाकावरच्या मातीकामाचा. आता होळी तोंडावर आली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मोदकांच्या क्लासला पैकीच्या पैकी गुण. शिकवणाऱ्या काकूंनी प्रत्येकाला स्वतःची उकड काढायला लावली. जेवढी पिठी तेवढंच पाणी, त्यात मीठ आणि चमचाभर तूप, दणदणीत वाफ, आणि गरम असतानाच मळणं. खरी परीक्षा पारीची. मध्ये जराशी जाड, कडेला पातळ. कड जाड राहिली तर कळ्या नीट पडत नाहीत. व्हिडिओ बघून दादाला हे जमत नव्हतं, कारण उकड किती मऊ हवी ते बोटांनाच कळतं. काकू त्याचा गोळा दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून पाण्याचा हात लाव रे." आता संकष्टीला आमच्याकडे मोदक दादाच करतो. उरलेल्या उकडीत मिरची-जिरं घालून निवगऱ्याही!

मातीकामाचं वेगळं झालं. आई मनापासून रमली, पण एका सत्रात माती चाकाच्या मध्यावर आणणंच जेमतेम समजतं. वाटी थोडी घट्ट झाल्यावर तळ कोरायचा, मग पूर्ण वाळवायची, भाजायची, ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) देऊन पुन्हा भाजायची. ते सगळं स्टुडिओनेच केलं. वाटी सुरेख आली (वाळून-भाजून बरीच आकसते, हे आधी सांगून ठेवा), पण घरी ना चाक ना भट्टी, त्यामुळे पुढे काही होईना.

म्हणून दिवाळीला तिला नुसत्या हातांनी भांडी घडवण्याचा, काही आठवडे चालणारा वर्ग दिला. गोळ्यात अंगठा रुतवून कड चिमटीने वर आणायची, किंवा मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या. हे जेवणाच्या टेबलावरही होतं, आणि आई अजून करते आहे. माझ्या मते भेट द्यायची तर हीच द्यावी.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचाराच: तारीख भेट घेणाऱ्याला निवडता येते का, आणि वर्ग संपल्यावर घरी केलेल्या वस्तू ते भाजून देतात का. आईचा स्टुडिओ नगामागे पैसे घेऊन देतो. फक्त नेताना जपा. वाळलेली कच्ची माती फार ठिसूळ असते, कप कानाला धरून कधीच उचलू नका.