जुन्या जिप्सीसाठी घेतलेला इनलाइन पेट्रोल पंप
कार्बोरेटरच्या मारुती जिप्सीत एमपीएफआय (इंजेक्टरांनी दाबाने पेट्रोल फवारणारे) इंजिन बसवल्यावर मूळचा यांत्रिक पंप निरुपयोगी ठरतो, कारण तो जेमतेम पाव बार दाब देतो आणि इंजेक्टरांना अडीच ते 3 बार लागतो. टाकी न कापता चासीवर बसणारा हा इलेक्ट्रिक पंप दाबाच्या कसोटीला पुरेपूर उतरला. घाटातल्या चढावरही गेजचा काटा हलला नाही. मात्र असे पंप पेट्रोल ढकलण्यात पटाईत आणि ओढण्यात कच्चे असतात, त्यामुळे टाकीच्या तळापेक्षा वर बसवला तेव्हा पेट्रोल कमी असताना वळणावर गाडी गचके खाऊ लागली. खाली घेतल्यावर ते थांबले. सोबतची रबरी नळी कार्बोरेटरच्याच, म्हणजे कमी दाबाच्या, लायकीची निघाली, ती पहिल्याच दिवशी बदलली. पंपाची घरघर ऐकू येते, पण जिप्सीत ती कोणाला खटकणार?