केएमएस मोजायला डोळा की इलेक्ट्रोड?

पाचगणी-भिलार पट्ट्यात क्रश-जॅमचं छोटं युनिट चालवणाऱ्यांपुढे हा प्रश्न येतोच. केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, पल्प टिकवायला घालतात ते; मोजायचा असतो त्यातून येणारा सल्फर डायऑक्साइड. तो आयोडीन-स्टार्चवर मोजायचा, की प्लॅटिनमच्या दोन तारांचा ‘डेड-स्टॉप’ इलेक्ट्रोड घ्यायचा? ब्युरेटमध्ये, म्हणजे थेंबथेंब सोडायच्या मापनळीत, आयोडीन दोन्हीकडे तेच. सल्फर डायऑक्साइड ते खातो, तो संपला की उरलेलं आयोडीन स्टार्चला निळं करतं. थांबायचं कधी, हे एकीकडे डोळा सांगतो, दुसरीकडे करंट.

लिंबू स्क्वॅश किंवा तासगावचा पिवळा बेदाणा असेल तर स्टार्च पुरतो, उगाच खर्चात पडू नये. माझं अडलं ते स्ट्रॉबेरीवर. लाल पल्पमध्ये स्टार्चचा निळा रंग निळा दिसतच नाही. मळकट जांभळी झाक येते, मी म्हणतो झालं, शेजारी उभा असलेला पोरगा म्हणतो, ‘दादा, अजून दोन थेंब जातील.’ पाणी घालून रंग फिका करावा तरी किती? 40 पीपीएमच्या 50 ग्रॅम जॅममध्ये सल्फर डायऑक्साइड असतो जेमतेम 2 मिलिग्रॅम. 0.02 नॉर्मल आयोडीन त्याला 3 मिलिच्या आसपास लागतं. त्यात अर्धा मिलि पुढंमागं झालं, की आकडा 6 पीपीएमनं सरकला. रोजची ही हुज्जत मला पटेना.

इलेक्ट्रोडच्या तारांमध्ये बारीकसा व्होल्टेज असतो. सल्फाइट, म्हणजे पल्पमध्ये विरघळलेला सल्फर डायऑक्साइड, शिल्लक असेपर्यंत करंटचा काटा शून्याजवळ पडून राहतो. मोकळं आयोडीन उरलं की उडी मारतो आणि तिथंच टिकतो. पल्प लाल असो की काळा, त्याला सोयरसुतक नाही.

लाडही करावे लागतात म्हणा. पल्पचा थर बसला की तारा सुस्तावतात, मग नायट्रिकमध्ये बुडवून धुवायच्या. स्टररही सतत फिरता हवा. व्हिटॅमिन सी तर दोन्ही पद्धतींत आयोडीन खातंच. दुसऱ्या नमुन्यात फॉर्मलिन घालून सल्फाइट बांधायचं आणि तो आकडा वजा करायचा, ही कटकट कुठेच चुकत नाही.

एकदा वापरून टाकायच्या कार्बन स्ट्रिपांकडे मी वळलो नाही. थेट पल्पमध्ये बुडवल्या तर व्हिटॅमिन सीसुद्धा सल्फाइटच्या आसपासच्याच व्होल्टेजला ऑक्सिडाइज होतं, म्हणजे स्ट्रॉबेरीत आकडा फुगणार. केएमएसऐवजी बेंझोएट हे दुसरं टिकवण्याचं रसायन वापरणाऱ्यांना यातलं काहीच कामाचं नाही, त्यांनी एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) असलेली लॅब गाठावी.

वर्षाला चार बॅच काढणाऱ्यानं स्टार्चवर भागवलं तर मी नावं ठेवणार नाही. मात्र तुती किंवा जांभूळ करणार असाल, तर इलेक्ट्रोडचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.