लॅब आणू की इंडी?

कुत्रा पाळायचाय, पण लॅब्रेडॉर आणायचा की इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा, घणसोलीच्या मावसबहिणीचा आठवडाभर हाच घोळ चाललाय. वन बीएचके, नवरा-बायको दोघंही नोकरीला, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही.

लॅब ३० किलोच्या आसपास जातो, खाणं जास्त, आणि कितीही घाला भूक काही भागत नाही, कारण बऱ्याच लॅबमध्ये पोट भरल्याचं कळवणाऱ्या पीओएमसी जीनमध्येच बिघाड असतो. वजन वाढलं की कंबरेच्या सांध्यांवर येतं. आमच्या शेजारचे काका म्हाताऱ्या लॅबच्या पोटाखालून टॉवेल धरून त्याला एकेक पायरी उतरवतात, बघून जीव तुटतो. इंडी साधारण १५-२० किलो, काटक.

केस दोघांचे गळतात, पण लॅबचे दाट, पावसाळ्यात लवकर वाळतच नाहीत, मग वास आणि खाज. इंडीला टॉवेल फिरवला की झालं. लसी, गोचिडाचं औषध दोघांना सारखंच.

स्वभावाने लॅब सोपा, पाहुण्यांच्याही अंगाखांद्यावर येईल. इंडी अनोळखी माणसाला आधी जोखतो, त्याला लहानपणापासून माणसांत फिरवावं लागतं.

लिफ्ट आहे, दिवसभर घरात कोणीतरी आहे, तर लॅब खुशाल आणा. तिच्या घराला मात्र इंडीच, तोही पिल्लू नको, मोठा झालेला दत्तक घ्यावा, आणि दुपारी त्याला खाली कोण नेणार ते आधी ठरवावं.