आरएक्स १००चे जुने पार्ट गॅरेजवाल्याकडे सोडून येऊ नका

१९,५०० रुपये गेले. १०,००० ॲडव्हान्स, ९,५०० गाडी ताब्यात घेताना. पण खरा डल्ला या पैशांवर नव्हताच.

गाडी १९९४ची यामाहा आरएक्स १००, वडिलांची. इंजिनाबद्दल तक्रार नाही. ब्रेकची मात्र बोंब. पुढे-मागे १३० मिलिमीटरचे ड्रम, त्यात कात्रजच्या उताराला पुढचा टेम्पो अचानक थांबला की पोटात गोळा. म्हणून पुढे डिस्क आणि मागे गॅसचे शॉकअप घ्यायचे ठरवले. हौस म्हणून नाही, जीव प्यारा म्हणून. कोटेशन असे: डिस्क किट ११,५००, शॉकअपची जोडी ५,८००, मजुरी २,४००.

आरएक्सला डिस्क बसवायची तर हब (चाकाचा मधला भाग), फोर्क (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्या), सगळा पुढचा भाग बदलतो, आणि ब्रेक ऑइलचा मास्टर सिलिंडर नव्याने लागतो. म्हणजे मूळचा सगळा निघतो. आणि ही गाडी १९९६लाच बंद झाली, तिच्या ओरिजिनल पार्टसाठी लोक पुण्याची नाना पेठ पालथी घालतात. हे मला माहीत नव्हते असे नाही. "जुने पार्ट बांधून द्या" म्हटलेही. तर गॅरेजवाला म्हणे, "साहेब, गंजका माल नेऊन काय करताय? भंगारवाल्याला देतो, मजुरीत २०० कमी करा."

माझा फोर्क तेव्हा कोपऱ्यातच होता. स्वच्छ पुसलेला, कापडात गुंडाळलेला. भंगार कोणी कापडात गुंडाळून ठेवतो का? हे दिसत होते, समोर दिसत होते! पण त्याच गॅरेजात आधी सर्व्हिसिंग केलेले, मित्रानेच सुचवलेले, ऑफिसला उशीर होत होता. २०० कमी करून माल तिथेच सोडला. माझ्या जागी कोणीही असता तर हेच केले असते.

पहिल्याच पावसात ब्रेक लिव्हर हँडलला टेकू लागला. दुसऱ्या मेस्त्रीने खोलून दाखवले. कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारा भाग) कुठल्या तरी ठोकलेल्या गाडीचा, पिस्टनला गंज, वरून काळा रंग आणि 'बायब्रे' या ब्रेकच्या ब्रँडचा स्टिकर. शॉकअपचा गॅस भरायचा सोनेरी डबा निव्वळ शोभेचा, आतून पोकळ, मुख्य नळीशी जोडलेलाच नाही. (डबा आणि शॉकअपमध्ये वाट आहे का, गॅस भरायचा व्हॉल्व्ह आहे का, हे बसवण्याआधी बघा. स्टिकर तर कोणीही छापतो.)

मग मित्राने खरेदी-विक्रीच्या ग्रुपवरचा फोटो पाठवला: 'आरएक्स ओरिजिनल फोर्क, हबसकट, ८,५००.' डाव्या नळीवर वडील पडले होते तेव्हाचा ओरखडा. २०० रुपयांत घेतलेला माल!

पोलीस चौकीत गेलो. "हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा." म्हटले, साहेब, माझी वस्तू त्याने परस्पर विकायला काढलीय, हा विश्वासघात आहे, न्याय संहितेचे कलम ३१६ बघा. तर मलाच प्रश्न, "गाडीत बदल करायला आरटीओची परवानगी घेतली होती का?" चोर तिथे बसून पार्ट विकतोय आणि आरोपी मी! फोटो दाखवला तर "ओरखडा सगळ्यांच्याच गाडीला असतो." दुसऱ्या दिवशी दुसरे हवालदार, पुन्हा पहिल्यापासून कहाणी. तिसऱ्यांना तर आरएक्स १०० केवढ्याला विकणार यातच रस. अर्जाची पोच मागितली तर शिक्का सापडेना. शेवटी वरिष्ठांना स्पीड पोस्टाने अर्ज धाडला, पावती जपून ठेवलीय.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. तिथे बिल लागते, आणि माझ्याकडच्या कागदावर 'एस्टिमेट' लिहिलेले, जीएसटी क्रमांक नाही, पैसे यूपीआयने भलत्याच बाईच्या नावावर गेलेले. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर येणारे नाव वाचत जा रे बाबांनो. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, त्यामुळे तिथे जाणारच.

गाडी देताना प्रत्येक पार्टचा जवळून फोटो काढा, नंबर असेल तिथे नंबराचा. जुना माल त्याच दिवशी, तिथेच पोत्यात भरून घरी आणा, गंजलेला असला तरी. "उद्या देतो" ऐकूच नका.

परवा गॅरेजवाल्याचा मेसेज आला: २,००० परत देतो, तक्रार मागे घ्या. स्क्रीनशॉट काढून आयोगाच्या अर्जाला जोडला.