घरी येऊन गोष्ट सांगणारी जोडी

सोलापुरातली सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा संपली त्याच आठवड्यात भिशी माझ्याकडे होती. मी या दोघांना बोलावलं. दीड तासाचे दीड हजार, सोबत एक डफ आणि एक लाल ओढणी. कारण सांगते. माझ्या थोरल्याने गेल्या वर्षी सांगितलं, आई, मला मुलगेच आवडतात. तेव्हापासून घरात हा विषय काढायला मला तोंडच सापडत नव्हतं.

पहिली गोष्ट शिखंडीची. उद्योगपर्वात आहे तशीच. द्रुपदाने मुलीला मुलगा म्हणून वाढवलं, दशार्णाच्या राजकन्येशी लग्न लावलं, बिंग फुटलं. जीव द्यायला रानात गेली तर स्थूणाकर्ण यक्षाने आपलं पुरुषपण तिला उसनं दिलं. 'उसनं' म्हणताना सांगणारीने ओढणी हळूच जोडीदाराच्या खांद्यावर ठेवली, शेजारणीला वाटीभर साखर द्यावी इतक्या सहज. बायकांची कुजबुज तिथे थांबली.

मग अर्जुनाचा मुलगा अरावान. बळी जाण्याआधी त्याला लग्न हवं होतं, म्हणून कृष्ण मोहिनी झाला. तमिळनाडूत कूवागमला दरवर्षी एप्रिल-मेच्या सुमारास तृतीयपंथी त्याच्या नावाने ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधून घेतात आणि दुसऱ्या दिवशी बांगड्या फोडून रडतात. त्या जागी डफ थांबला. नुसती मनगटं जमिनीवर आपटल्याचा आवाज. मला रडू आवरलं नाही.

एक खटकलं. शिखंडीचा शेवट गाळला. अश्वत्थाम्याने त्याला मारलं, आणि तो गेल्यावरच यक्षाला आपलं रूप परत मिळायचं होतं, कुबेराचा शापच तसा. ते न सांगितल्याने यक्ष बिचारा अधांतरीच राहिला. ऐकणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून गाळू नका, आम्ही ऐकू शकतो.

चहाच्या वेळी सासूबाई बोलल्या. "आपल्या सिद्धरामेश्वरांनी कुंभाराच्या पोरीला योगदंडाशी लग्न लाव म्हटलं की. संमती कट्ट्यावर आख्खं गाव अक्षता टाकतंय. नवरा कोण, कुणी विचारतंय का?"

मी कप तसाच धरून बसले.

बोलवायचं असेल तर आठ दिवस आधी सांगा. खोली मोठी हवी, पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर मागे ऐकू जात नाही. पुढच्या खेपेला यल्लम्माच्या जोगत्यांची गोष्ट मागितली आहे. थोरला पुण्याहून येतोय, त्याच रविवारची वेळ घेतली.