फांते-फांते की चेबू जेन: आधी कोणते करावे?

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे माशाचे कालवण पहिल्यांदाच घरी करायचे ठरवले, की निवड बहुधा दोन पदार्थांपाशी येऊन थांबते: घानातील फांते कोळ्यांचे फांते-फांते आणि सेनेगलचे चेबू जेन. वोलोफ भाषेत चेब म्हणजे भात आणि जेन म्हणजे मासा, त्यामुळे काटेकोरपणे पाहता दुसरे कालवण नव्हे; परंतु त्याचा सारा जीव माशाच्या रश्शात असतो आणि भातही त्याच रश्शात शिजतो, म्हणून ही तुलना रास्त वाटते.

फांते-फांते हे केप कोस्ट आणि एल्मिनाच्या बाजूचे, होडीतून उतरलेला मासा लगेच भांड्यात घालण्याच्या सवयीतून आलेले कालवण आहे. लाल पाम तेल, कांदा, टोमॅटो, मिरची, मीठ आणि ताजा मासा, एवढ्यावर ते होते. मासा आधी तळत नाहीत आणि पाणीही बेताचेच घालतात, त्यामुळे शिळा मासा लपवायला येथे जागाच उरत नाही. खरी अडचण तेलाची आहे. आपल्याकडे पिशवीत मिळणारे पामोलिन शुद्ध केलेले असते, त्याचा रंग आणि वास दोन्ही गेलेले असतात. ते वापरून केलेले कालवण चांगले लागेलही, पण ते फांते-फांते नसेल. लाल तेल थंडीत बाटलीतच थिजते आणि तळाशी दाणेदार केशरी थर बसतो, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवून ते पातळ करावे. पाऊण किलो माशाला पाव वाटी तेल मला पुरते. कांदा-टोमॅटो शिजून तेल कडेला सुटले, की मासा अलगद सोडावा आणि त्यानंतर डाव मुळीच घालू नये. भांडेच दोन्ही हातांनी धरून गोल हलवावे, जसे कोकणात कालवणाचे पातेले हलवतात. पाऊण तासात जेवायला बसता येते. सोबत केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे पानात गुंडाळून शिजवलेले गोळे, हवेत. त्यांचा आंबटपणा भाकरीत नसतो, म्हणून ते न मिळाल्यास मी साधा भात पसंत करतो.

चेबू जेनला अर्धा दिवस द्यावा लागतो. हा पदार्थ सेंट-लुई या बंदराचा, आणि एकोणिसाव्या शतकातील पेंडा म्बाय या स्वयंपाकिणीला त्याचे श्रेय परंपरेने दिले जाते. 2021 साली युनेस्कोने त्याची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. माशाला चिरा देऊन त्यात कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली, लसूण, मिरची आणि मीठ यांचे वाटण दाबून भरतात. मासा तळून घेतात, मग टोमॅटोच्या रश्शात कोबी, गाजर, वांगे, कसावा शिजवतात आणि जी भाजी आधी शिजेल ती आधी बाहेर काढतात. आंबवून वाळवलेला गेज हा मासा रश्शाला खोली देतो. त्याच्या जागी मी खारा बांगडा घालतो, अर्थात वास थोडा वेगळाच येतो. तांदूळ मात्र आपल्या घरचाच म्हणावा असा, कारण सेनेगलमध्ये यासाठी तुकडा तांदूळ वापरतात, म्हणजे आपली कणी. फ्रेंच वसाहतीच्या काळात तो इंडोचायनातून तेथे येऊ लागला. कणी आधी वाफवून मग रश्शात सोडतात. तळाशी लागलेली खरवड खरडून काढून मानाने वाढतात, आणि ती जळकी न होता तांबूस व्हावी म्हणून शेवटची वीस मिनिटे आच अगदी मंद ठेवावी लागते.

लाल तेल आणि त्याच दिवशीचा मासा हाताशी असेल, तर माझे मत फांते-फांतेकडे झुकते. तेल मिळत नसेल, किंवा सहा-सात पाहुणे एकाच मोठ्या ताटाभोवती बसणार असतील, तर चेबू जेनच करावे. त्यासाठी हेकरू घ्यावा. सेनेगलचा आवडता थियोफ त्याच कुळातला आहे आणि त्याचे जाड तुकडे वाटण भरूनही फुटत नाहीत.